कुरुंद्याच्या लग्नातली तबकडी

कय्युमनं मशीन चालू केलं की जवळा बाजार गावातली कुत्री उठून चालू लागायची. भुंकायची नाहीत, गुरगुरायची नाहीत. चहाच्या टपरीमागची, एसटी थांब्याखालची, आडतीच्या ओट्यावरची, सगळी एकेक करून उठायची आणि वसमतच्या रस्त्याला लागायची. मशीन बंद झालं की थोड्या वेळानं परत यायची. माणसांना काहीच ऐकू येत नव्हतं. फार तर दुकानात उभ्या असलेल्याची दाढ शिवशिवायची, आणि तो सुपारीला दोष देऊन पुढं जायचा.

मशीन होतं गाण्याच्या जुन्या तबकड्या धुण्याचं. कपडे धुवायला मशीन आलं, भांडी धुवायला आलं, आता गाणी धुवायला बी आलं का, असं बाजारानं विचारून घेतलं. कय्युम हसायचा आणि कामाला लागायचा. तो तसा बोलण्यात कमीच. सारा जन्म भोंग्याखाली काढल्यावर स्वतःच्या घशाला काम उरत नसावं.

त्याचं दुकान एसटी थांब्यासमोर, मधे फक्त रस्ता. दुकान पुढं आणि घर मागं. लग्न, बारसं, उरूस, जयंती, कुठंही आवाज पाहिजे तर कय्युमला सांगावा जायचा. काम चोख, माणूस सरळ. पण एक खोड मात्र सगळ्या पंचक्रोशीला माहीत होती. मांडवात तो जेवायला बसायचा नाही. यजमानानं हाताला धरलं, व्याह्यानं शपथ घातली, तरी हा आपला मशीनजवळ. आता तर सुई नाही, तबकडी नाही, सगळी गाणी नखाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये. ते काय अडकतंय का पडतंय? तरी हा उठायचा नाही. "कय्युमला मांडवात रोजा असतो," असं लोक म्हणायचे.

ही खोड त्याची नव्हती. त्याच्या बापाची होती, आणि बापाला ती कुरुंदा गावात लागली होती.

बाप म्हणजे कलीम, या भागातला नावाजलेला भोंगेवाला. वीज नसलेल्या गावातसुद्धा बॅटऱ्या घेऊन जायचा. तेव्हाची रीत अशी, की पहिली तबकडी लावायच्या आधी घरची सवाशीण यायची आणि मशीनला हळदकुंकू लावायची. भोंग्याला लावायची, पेटीला लावायची, आणि हात मोकळा असेल तर तबकडीलाही एक बोट. कलीमनं कधी हरकत घेतली नाही. "मशीन माझं, लगीन तुमचं, हळद दोघांची," असं म्हणायचा. त्यामुळं त्याच्या तबकड्यांच्या रेघांत गाण्याइतकीच हळद भरलेली असायची.

त्या वर्षी कुरुंद्यात चंदा नावाच्या पोरीचं लग्न होतं. हळदीचा दिवस, दिवस कलायला आलेला, पंगत बसलेली. घरच्या म्हाताऱ्यानं कलीमला हाताला धरून पानावर बसवलं. एक गाणं वाजेपर्यंत चार घास होतात, अशा हिशेबानं कलीमनं हळदीचं एक गाणं लावलं आणि बसला. मधेच गाणं अडकलं. "हळद ओली… हळद ओली… हळद ओली…" पंगत हसली. कलीम उठायला लागला तर म्हाताऱ्यानं खांदा दाबून खाली बसवलं. भरल्या पानावरून पाहुणा उठणं म्हणजे घराला बट्टा. "बसा हो, वाजू द्या. हळदीचंच गाणं हाय ना?" कलीम बसला. ती ओळ वाजत राहिली, गावभर, शिवारभर. पंगत उठली, कलीमनं हात धुतले, सुई उचलली. आणि मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की चंदा मांडवात नाही.

ती कुठंच नव्हती. विहिरी पाहिल्या, ऊस पाहिला, नातेवाईक झाले, स्टँड झाले. ना ती सापडली, ना तिचा काही सुगावा. फक्त हळदीनं भिजलेल्या पायांचे ठसे अंगणातून निघून वेशीपर्यंत गेले होते. पिवळे, स्वच्छ. वेशीपुढच्या फुफाट्यात एकही नव्हता.

लोकांना बोट ठेवायला काहीतरी लागतंच. चंदाला कुणी शिव्या देईना, देवाला तर नाहीच. मग तबकडी सापडली. कलीमच्या तबकडीनं पोरगी गिळली, असं कुरुंद्यात बोललं गेलं. ओरखडा पडलेली तबकडी शुभकार्यात लावली, अपशकुन केला, सगळ्यांचं ध्यान त्या आवाजात अडकवून ठेवलं. कुरुंद्यानं त्याला परत बोलावलं नाही. त्याचं दुःख कलीमनं गिळलं असतं. पण त्याला स्वतःलाच ते खरं वाटत होतं. माझ्याच हातनं ओरखडा पडला, आणि मी जेवत बसलो. त्यानं ती तबकडी खांद्यावरच्या रुमालात बांधून सामानाच्या पेटीत टाकली आणि पुन्हा कधी पाहिली नाही. पंगतीलाही पुन्हा कधी बसला नाही. शेवटच्या दुखण्यात त्याचं बोट खाटेच्या लाकडावर वाजत राहायचं, एकाच ठेक्यात. कय्युमनं जवळ जाऊन कान लावला तर अब्बा म्हणत होते, "सुई उठा, बेटा. सुई उठा."

त्याच शब्दांवर ते गेले.

कय्युमला एवढंच जाणून घ्यायचं होतं. ओरखडा होता की नव्हता? होता तर बाप म्हणत होता ते खरं, मग गप बसायचं. नव्हता तर तो माणूस जन्मभर उगाच उपाशी राहिला. पेटी उघडून भिंगाखाली पाहिलं असतं तर उत्तर मिळालं असतं, असं कुणीही म्हणेल. पण तबकडीवर इतक्या वर्षांचा थर घट्ट बसला होता, आणि फडक्यानं घासावं तर नवा ओरखडा पडणार. मग जुना कुठला नि नवा कुठला? हात न लावता धुता आली तरच खरं कळणार होतं.

हात न लावता धुणारं मशीन त्यानं मोबाइलवर पाहिलं. कुठल्या परदेशातला माणूस पाण्यात तबकडी बुडवतो, पाण्याला कानाला न ऐकू येणारा आवाज देतो, आणि तो आवाज रेघारेघांतला मळ उकरून काढतो. विकतचं मशीन आपल्या ऐपतीचं नाही हे कळायला कय्युमला वेळ लागला नाही. मग त्यानं ते घरीच करायला घेतलं. हॉटेलात भाजी ठेवतात ती स्टीलची चौकोनी पेटी आणली. कंपन देणाऱ्या चकत्या आणि त्यांचं सर्किट कुरिअरनं मागवलं, चकत्या पेटीच्या बुडाला बाहेरून चिकटवल्या. तबकडी हळू फिरवायला मोटर पाहिजे होती, ती मांडवाच्या सामानातच निघाली: गणपतीच्या मूर्तीमागचं चक्र फिरवणारी. आटे पाडलेली सळई, तिच्यावर नळाच्या रबरी वायसरी, तबकडीवरचा मधला कागद भिजू नये म्हणून. पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते, शुद्ध.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा चपात्या गुंडाळायचा चंदेरी कागद त्यानं पाण्यात धरला. पाणी शांत होतं. वर थरथर नाही, बुडबुडा नाही. कागद बाहेर काढला तर त्याची चाळण झालेली. आपलं बोट आत नव्हतं म्हणून कय्युमनं अल्लाचे आभार मानले. त्याच वेळी त्याची बायको सबीहा मागच्या दारातून आत आली.

"अजी, मांजर काहून पळालं?"

"आवाजानं."

"कसला आवाज?"

दोघंही गप उभे राहून ऐकत राहिले. काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ते काहीच नसणं सबीहाला आवडलं नाही. मशीन चालू असताना ती मग दुकानात येईनाशी झाली.

आधी त्यानं दुसऱ्या तबकड्यांवर हात बसवला. पाणी तापलं तर तबकडीचा पापड होतो, हे एकदा पापड करूनच कळलं. मग थोडं चालवायचं, थांबायचं, पाणी निवू द्यायचं. तबकड्या काळ्याभोर होऊन निघायला लागल्या. संभाजीनगरहून शौकीन लोक विचारायला लागले. पण सबीहाला ठाऊक होतं, की हा माणूस त्यांच्यासाठी हे करून राहिला नाही.

एके दिवशी त्यानं पेटीतला रुमाल सोडला.

तबकडीवर धूळ होतीच. आणि गाण्याच्या साधारण मध्यावर हळदीचा एक वाळलेला गोळा होता, दगडासारखा कडक, करंगळीच्या पेरापेक्षाही लहान. कुण्या सवाशिणीनं लावलेली असेल, असं म्हणून कय्युमनं त्याच्याकडं दुसऱ्यांदा पाहिलं नाही. त्यानं पाहायला हवं होतं. हळद तेलकट, सुटणार नाही, म्हणून त्यानं पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला आणि बटण दाबलं. कुत्री उठली. चक्राची मोटर सावकाश फिरायला लागली. पाणी पिवळं झालं, आणि बघता बघता लाल झालं. रक्तासारखं, काठोकाठ.

कय्युम किंचाळला म्हणायला हरकत नाही. सबीहा धावत आली, पेटीत डोकावली आणि कपाळावर हात मारून हसायला लागली. "हळदीला सोडा लागला की लालच होणार! साबणानं साडीचा डाग लाल होतो, ठाऊक न्हाई का तुमाला? कुंकू असंच तर करतेत." खरं होतं. कय्युमही हसला. पण पाणी फेकायला दोघांपैकी कुणीच पुढं झालं नाही. पेटी तशीच झाकून ठेवली.

धुतलेली तबकडी त्यानं उन्हात धरली, भिंग लावलं. गोळा होता तिथं रेघा सरळ, अखंड. ओरखडा नाही. केसाएवढाही नाही. त्यानं ती अब्बांच्या जुन्या वाजवायच्या मशीनवर लावली. "अजून सखे, हळद ओली" म्हणून बाईचा आवाज त्या जागेवर आला आणि सरळ पुढं निघून गेला. कय्युम जमिनीवर बसला आणि ढसाढसा रडला. अब्बांची चूक नव्हती. तबकडीला कुणीतरी हळद लावली होती, बस.

आता हे कुरुंद्याला कळायला पाहिजे होतं. त्यानं एका हळदीच्या व्यापाऱ्याकडून चंदाच्या धाकट्या बहिणीला निरोप पाठवला: तबकडी बरी झाली, येऊन ऐका. आपण चांगली बातमी पाठवली, असं बिचाऱ्याला वाटत होतं.

बाजाराच्या दिवशी अनुसूयाबाई आली. साठीला टेकलेली, हळद शिजवून नखं कायमची पिवळी झालेली. लग्नानंतरही तिनं कुरुंदा सोडला नव्हता. गावातलंच स्थळ द्या, न्हाई तर नको, असा हट्ट धरून बसली होती म्हणे. येताना तिनं घरच्या हळदीची पुडी आणली होती. ती सबीहाच्या हातात दिली आणि स्टुलावर बसली.

"ऐका ताई," कय्युम म्हणाला, आणि सुई टेकवली.

गाणं सुरू झालं. अनुसूयाबाईचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला, एक बोट पुढं. ती ओळ आली, "अजून सखे, हळद ओली," आणि गेली. पुढची आली: "पाऊल पडले वेशीबाहेर, मागे माहेर राहिले."

"पुढं असं हाय व्हय," अनुसूयाबाई म्हणाली. बोट तसंच हवेत. मग तिचा चेहरा असा झाला, की कय्युमनं न सांगता सुई उचलली.

"ताई? काय झालं?"

"तुमी ते पुसलं का?"

"मळ होता ताई. हळद होती कुणाची तरी."

"माझी होती."

बाजाराचा गलका बाहेर चालूच होता. ती सांगत गेली, खाली मान घालून. "मी इवलीशी होते. चंदाक्कानं माझं बोट हळदीत बुडवलं. म्हणली, अनु, ती ओळ आली की बोट टेकव. गाणं पुढं जायच्या आत मी आलेच बघ. मी टेकवलं. गाणं पुढं गेलंच न्हाई. मग कलीमचाचानं सुई उचलली, पण गाणं पुढं तर गेलं नव्हतं ना? मी म्हणायची, उशीर झालाच न्हाई तिला अजून. ती येणार." तिनं तबकडीकडं पाहिलं. "आज गेलं पुढं."

"माझ्या बापाला लोक जन्मभर बोलले, ताई," कय्युम म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "तुमाला ठाऊक होतं, आन् तुमी गप?"

"सांगितलं असतं तर कुणीतरी पुसलं असतं."

कय्युमला राग आला. अब्बांचं खाटेवर वाजणारं बोट त्याला दिसलं. ही बाई एक शब्द बोलली असती तर तो म्हातारा चार घास सुखानं जेवला असता. त्याला ओरडायचं होतं. पण तिचं ते बोट अजून पुढंच होतं. घरी जायची वाट चुकलेल्या लेकरासारखी ती बसली होती. त्याला ओरडता येईना, आणि ओरडता येत नाही याचाही राग येत राहिला.

"पुन्हा लावून बघू का?" तिनं विचारलं.

सबीहानं पुडी सोडली, वाटीत हळद कालवली, तेलाचे दोन थेंब टाकले. अनुसूयाबाईनं बोट बुडवलं आणि तबकडीवर त्याच जागी टेकवलं. पंख्याखाली वाळू दिलं. कय्युमनं सुई ठेवली. सुई हळदीतून खरखरत पलीकडं गेली आणि गाणं पुढं. पुन्हा लावली. पुन्हा पुढं.

"माझं बोट मोठं झालं," अनुसूयाबाई म्हणाली. पदराला हात पुसला, उठली आणि रस्ता ओलांडून एसटी थांब्यावर जाऊन बसली. सबीहा चहाचं म्हणत राहिली, ती थांबली नाही.

कय्युमनं पेटीतलं लाल पाणी ओतून नवं भरलं, सोडा टाकला आणि तबकडी पुन्हा धुण्याच्या मशीनला लावली. दुसरं काय करावं हे त्याला सुचेना. कुत्री बाजारातून वाट काढत निघून गेली. पाणी पुन्हा लाल झालं. तबकडी स्वच्छ निघाली, त्यानं वाळवली, सुई नवी घातली, मशीन बंद केलं. एकदा फक्त अब्बांसाठी ऐकावं, मग पेटीत ठेवून द्यावी, असं त्याच्या मनात होतं.

"हळद ओली… हळद ओली… हळद ओली…"

त्यानं वाकून पाहिलं. रेघा काळ्या, कोऱ्या. हळद नाही, धूळ नाही, सुईवर कण नाही. भिंग लावलं. सुई त्या जागेवर येत होती, कुणीतरी हलकेच मागं ढकलल्यासारखी एक रेघ मागं जात होती आणि पुन्हा येत होती. कानात अब्बा होते: सुई उठा, बेटा. त्याचा हात आपोआप पुढं गेला, सुईच्या दांडीला लागला, आणि तिथंच थांबला.

मग त्यानं हात मागं घेतला. माळ्यावरचा अब्बांचा जुना भोंगा काढला, दारात टांगला, वायर जोडली आणि आवाज मोठा केला.

ऐन बाजारात ती ओळ सुटली. लोकांनी माना वळवल्या. भाजीवाल्या हसल्या. "अरे कय्युम, अडकली रे! सुई उचल!" पानवाला ओरडला, आडतीवरून कुणी ओरडलं, "बापावर गेला का काय हा?" भोंगेवाल्याच्या घराण्याला याहून मोठी शिवी नव्हती. कय्युमनं ती ऐकली आणि सुई खाली तशीच सोडून, जन्मात पहिल्यांदा, जागेवरून उठला. रस्ता ओलांडला.

वसमतची गाडी लागली होती. अनुसूयाबाई खिडकीत बसली होती, डोळे मिटून. ओळ तिच्यापर्यंत आली तसे डोळे उघडले. कंडक्टर घंटी मारणार तेवढ्यात ती उठली, माणसं सारत खाली उतरली.

"आपोआप अडकली, ताई," कय्युम म्हणाला. "मी काय बी केलं न्हाई."

दोघं रस्ता ओलांडायला लागले तेव्हा कय्युमला कुत्री दिसली. वसमतच्या रस्त्यानं परत येत होती, पण रोजच्यासारखी पांगून, हुंगत नव्हे. दोन बाजूंनी ओळ धरून, मधे एका माणसाची जागा सोडून, त्या माणसाच्या चालीनं. कय्युमनं अनुसूयाबाईकडं पाहिलं. ती तिकडं पाहत नव्हती. ती भोंग्याकडं पाहत होती आणि तिचं बोट पुन्हा पुढं आलं होतं.

आत सबीहानं दस्तरखान अंथरून जेवण वाढलं होतं. "बसा," ती म्हणाली, "वाजू द्या त्याला." कय्युम बसला. सुई खाली, आणि तो पानावर. पहिला घास घशाखाली उतरायला जड गेला, दुसरा उतरला. मग त्याचं ध्यान गेलं, की ताटं चार आहेत.

"हे कुणाचं?"

सबीहानं ताटाकडं पाहिलं, मग स्वतःच्या हातातल्या पळीकडं. "मीच वाढलं," ती हळूच म्हणाली. "ठाऊक न्हाई." आणि ते उचलायला वाकली.

"राहू द्या," अनुसूयाबाई म्हणाली. "येईल ना. गाणं कुठं पुढं गेलंय अजून?"

कय्युम उठला नाही. त्यानं चौथ्या ताटात भाकरीचा एक तुकडा वाढला आणि जेवत राहिला. बाहेर बाजार ओरडत होता, आणि ती ओळ वाजत होती.